हैदर सनईवाल्याचे कान

अणदूरच्या खंडोबाच्या यात्रेत त्या दिवशी पालखी देवळाच्या पायरीशी टेकली. ताशा थांबला, ढोल थांबला. चाँदपाशांची सनई मात्र चालूच राहिली. डोळे मिटलेले, गाल फुगलेले. लोक आधी कौतुकानं बघत होते, मग हसायला लागले. शेजारी सूर धरून उभा असलेला त्यांचा मुलगा हैदर यानं बापाच्या दंडाला हात लावला, तेव्हा कुठं त्यांनी डोळे उघडले. समोर हसणारी तोंडं दिसत होती, हसणं ऐकू येत नव्हतं.

दोन वर्षं त्यांनी ही गोष्ट लपवली होती. ताशेवाल्याच्या टिपऱ्या आणि ढोलक्याचे हात बघून ते लय सांभाळत होते. त्या दिवशी भक्तीनं डोळे मिटले आणि उघडे पडले. बेंबळीला परत येताना बैलगाडीत त्यांनी सनई हैदरच्या मांडीवर ठेवली.

"आता तू वाजव," म्हणाले. "माझ्यासारखा ताशाला चिकटून उभा राहू नगंस."

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा सात वर्षं झाली होती. हैदर सव्वीस वर्षांचा होता. ताफा तोच राहिला. ताशावर बलभीम. तो हैदरपेक्षा दहा वर्षांनी मोठा, हाताचा पक्का आणि तोंडाचा फाटका. ताशाची कातडी विस्तवावर शेकून तो अशी काही ताणायचा की टिपरी पडली की ऐकणाऱ्याचे दात शिवशिवायचे. हैदरला त्याच्या उजव्या अंगाला उभं राहावं लागायचं. बापाचं सांगणं मनात होतं, पण गल्ली अरुंद, माणसं दाटीची, सरकणार कुठं?

तिसऱ्या लगीनसराईच्या शेवटी हैदरच्या डाव्या कानात भर दुपारी रातकिडे ओरडायला लागले. आधी एक दिवस, मग तीन दिवस, मग ते थांबेचनात. एकदा त्याची बायको जमिलाबी मागून म्हणाली, "आवो, भाकरी निवायली." तो वळला नाही. ती पुढ्यात येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यानं ओळखलं. सासऱ्याला हाक मारताना ती अशीच पुढ्यात जाऊन उभी राहायची.

त्या दिवशी त्यानं काडेपेटीत ज्वारीचे चार दाणे घातले आणि कानाशी हलवून बघितले. उजव्या कानाला खुळखुळ ऐकू आली. डाव्याला काहीच नाही. त्यानं पुन्हा हलवले. जमिलाबीनं ती काडेपेटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "सोलापूरला जावा."

सोलापूरच्या डॉक्टरनं कानात दिवा घालून बघितलं. "मळ नाही, पू नाही. आतली नस मार खाते आहे. काय वाजवता?"

"सनई. पण शेजारी ताशा असतो. आन लग्नात दारूचे बार उडत्यात."

"गेलं ते परत यायचं नाही. राहिलं ते राखा. कानात बोळे घाला आणि आवाजापासून लांब उभे राहा."

"बोळे घातल्यावर सूर कसा कळंल साहेब?"

डॉक्टर म्हणाला, "ते मला ठाऊक नाही. ते तुमचं तुम्हीच शोधायचं."

सनईची भोकं सुरात आणायला हैदरजवळ मेण असायचंच. ते त्यानं कापसात मळलं, बोळे केले, कानात घट्ट बसवले आणि गावाबाहेरच्या ओढ्यात जाऊन सनई तोंडाला लावली. पहिल्या दिवशी त्याला रडू आलं. सूर विहिरीच्या तळातून आल्यासारखा. पण आठेक दिवसांनी त्याच्या ध्यानात आलं की सूर दातांतून, जबड्याच्या हाडातून आत येतो आहे. तोंडातली पत्ती थरथरली की कवटीत कळतं. दोन महिने तो रोज ओढ्यात जात होता. मग तो बोळे घालून लग्नात उभा राहिला.

बलभीमनं पहिल्याच दिवशी ते बघितलं. "आरं, सनईवाला कान बंद करून वाजवतो व्हय? उद्या आंधळ्याला गाडी हाकायला बसवतील!"

"दादा, तुमी बी घाला. तुमच्या कानाशी तर मोकळा ताशा हाय."

"माझे कान म्हशीच्या कातड्याचे हायत," बलभीम म्हणाला आणि मुद्दाम हैदरच्या कानाजवळ टिपरी ओढली.

ठिणगी पडली ती तेरखेड्याला. तिथं शोभेचं दारूकाम घरोघर, त्यामुळं लग्न म्हणजे बारांची चढाओढ. वरबाप अण्णाराव मोठा मानी माणूस. दुपारचा मुहूर्त होता, मंडप भरलेला. त्याची नजर हैदरच्या कानांवर गेली, तसा तो अगदी पुढ्यात येऊन ओरडला.

"हे काय? माझ्या दारात कान झाकून वाजवतोस? आमचं मंगल तुला सोसंना का?"

"तसं न्हाय मालक. कान अधू हायत."

"अधू असंल तर घरी बस. काढ ते."

सगळा मंडप वळून बघायला लागला. बलभीम खाली बघत ताशाचा पट्टा सारखा करत होता. एका हिसक्यात बोळे काढले असते तर सगळं मिटलं असतं.

"मालक, एक सूर चुकला तर मला हाकलून द्या," तो म्हणाला. "पण बोळे काढायचा न्हाय."

अण्णाराव काही बोलणार तोच भटजींनी हाक दिली, अंतरपाट धरला गेला. ती वेळ टळली. हैदरनं सनई लावली. सूर चुकला नाही.

अक्षता पडायच्या वेळेला उखळी बार उडायचे होते. लोखंडी उखळं लांब रानात रोवलेली होती, पण एका हौशी पाहुण्यानं एक उखळ मंडपाजवळच, नुकत्याच शिंपलेल्या मऊ मातीत उभं केलं. वात पेटवली आणि उखळ कलंडलं. तोंड सरळ वाजंत्र्यांकडं.

"सरका! सरका!" म्हणून एकच ओरडा झाला. ढोलक्या पळाला. हैदरची पाठ तिकडं होती आणि कानात मेण. तो वाजवत राहिला.

बलभीमला पळता आलं असतं. तो पळाला नाही. गळ्यातल्या ताशासकट त्यानं हैदरच्या अंगावर झेप घेतली आणि त्याला खाली पाडलं. बार दोघांवरून गेला, मागची भिंत फुटली. धुरातून हैदर उठून बसला तेव्हा बलभीमच्या उजव्या कानातून रक्ताची धार मानेवर उतरत होती. तो मोठमोठ्यानं विचारत होता, "तू बोलतोस का न्हाय? बोल की!" हैदर बोलतच होता.

बलभीमचा डावा कान आठ दिवसांनी थोडा उघडला. उजवा कायमचा गेला.

हैदर रोज बलभीमच्या घरी जाऊन बसायचा. पहिले तीन दिवस बलभीमनं तोंड भिंतीकडंच ठेवलं. कान उघडल्यावर तो गरजला, "तुझ्या बोळ्यापायी माझा कान गेला."

"व्हय दादा," हैदर त्याच्या डाव्या कानाशी वाकून म्हणाला. "बोळा नसता तर मला हाक ऐकू आली असती."

"मग? सोडणार?"

हैदरला खोटं बोलता आलं नाही. "न्हाय दादा."

बलभीमनं त्याला घराबाहेर घालवलं. दुसऱ्या दिवशी हैदर पुन्हा गेला. त्याच्या मनाला एकच गोष्ट खात होती: कान राखणं एकट्याचं काम नव्हतं, आणि त्यानं ते एकट्यानंच केलं होतं. बहिरा होऊन उभा राहिला, पण आपल्या वाट्याचं ऐकायला कुणाला ठेवलं नाही. ते त्यानं बलभीमला सांगितलं. मग बलभीमनं तळहात पुढं केला.

"आण. डाव्याला बसंल असा बोळा कर. तेवढाच हाय आता."

पुढच्या लगीनसराईपासून ताफ्याची रीत बदलली. वाजवायला उभं राहण्याआधी हैदर जागा बघायला जायचा. उखळं शंभर पावलांच्या आत दिसली तर सुपारी परत. ताशा सनईच्या बाजूला न राहता चार हात मागं राहायला लागला. वाजवताना एकजण कान मोकळे ठेवून, तोंड दारूवाल्याकडं करून उभा राहायचा, वाजवायचा नाही. त्यानं खांद्याला हात लावला की सगळे थांबायचे. ती पाळी फिरती असायची.

लोक नावं ठेवत होते. सुपारी देणारी दोन-तीन घरं कायमची तुटली. एका लग्नात वरबाप उखळं जवळच ठेवायच्या हट्टाला पेटला तेव्हा हैदर अजून समजूत घालत होता. बलभीमनं ताशा गळ्यातून काढला, पाठीला लावला आणि आधी तोच चालायला लागला.

एकोणीसशे सत्तर साल उलटलं, तरी दोघं वाजवत होते. हैदरचा डावा कान मंदच राहिला, पण त्याहून जास्त गेला नाही. बलभीम टिपरी पूर्वीइतकी ओढत नसे. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, "हैदरला सनई ऐकू यायला पायजे का न्हाय?"