मामांनी निवडलेलं रीळ

"सहा महिन्यांसाठी येतो आहे. तुम्ही पकडलेला जिताडा खाल्ल्याशिवाय परत जाणार नाही."

सासऱ्यांच्या पत्रातली ही दोन वाक्यं वाचली आणि लंडनच्या कडेला पिनरमधल्या माझ्या घराच्या तीन भिंती, शेजाऱ्याशी सामाईक असलेली चौथी सोबत घेऊन, माझ्या अंगावर आल्या.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. अलिबागकडची त्यांची भाताची गिरणी, गिरणीमागे तळं, तळ्यात जिताडे मासे. तिकडे जावई आला की तळ्यातला जिताडा काढतात. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मामा स्वतः छातीएवढ्या पाण्यात उतरले होते. पुढे लंडनला आल्यावर कळलं, इथल्या समुद्रातला बास म्हणजे जिताड्याचा चुलतभाऊच. मी लगेच कळवलं, परवाच एक पकडला, पाच पौंडांचा. मग काय, लेखणीच ती. आठ वर्षांत बारा मासे झाले. शेवटचा चौदा पौंडांचा होता आणि त्याने मला अर्धा फर्लांग फरफटत नेलं होतं. ही पत्रं गिरणीवर भरडायला आलेल्या गावाला मोठ्याने वाचून दाखवतात, हे बायकोने मला फार उशिरा सांगितलं.

खरा आकडा होता शून्य.

प्रयत्न मात्र खोटे नव्हते हो! दर उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटच्या खडकांवर मी उभा असायचो. पण तिथला बास उघड्या पाण्यात राहील तर शपथ. तो केल्पमध्ये राहतो. केल्प म्हणजे पाण्याखालचं जंगल, चामड्याच्या पट्ट्यांसारखी पानं आणि माणसाच्या मनगटाएवढे देठ. मासा गळाला लागला की तो जंगलात शिरतो, दोरीचे देठांभोवती चार वेढे घेतो आणि आतून तुमच्याकडे बघून हसतो. त्याने तीन हात दोरी ओढायच्या आत त्याला उपटून काढायचं तर दोरी गुंडाळणारं रीळ दणकट हवं. माझी दोन रिळं तिथेच गेली. पहिल्याच्या आतल्या चाकांचे दात झिजून पीठ झाले. दुसऱ्याची फिरवायची मूठच माझ्या हातात आली आणि बाकीचं रीळ अजून फ्रान्सच्या दिशेने जात असावं.

मामा मे महिन्यात आले. जूनमध्ये मी पाणी गार असल्याचं सांगितलं, जुलैमध्ये गरम. ऑगस्टमध्ये मासे सुट्टीवर गेले. सप्टेंबरात माझी पाठ धरली. ऑक्टोबर उजाडला, मामांचं विमान बुधवारी, आणि हातात एकच रविवार उरला.

"आता काय सांगणार?" बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. "समुद्र बंद ठेवलाय कौन्सिलने?"

"रीळ नाहीये चांगलं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत हे पहिलं खरं वाक्य.

"मग चला, घेऊ," दारातून मामा म्हणाले.

हॅरोच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शनिवारी सकाळी गेलो. दुकानदार सहा फुटी, मिशाळ, आणि काउंटरखाली बैलाएवढा लॅब्राडोर. मी सांगितलं, बास, खडक, दाट केल्प. त्याने एक काळं चकचकीत रीळ पुढे केलं. पिसासारखं हलकं, फिरवलं तर आवाज नाही. माझा जीव तिथेच जडला. मामांनी ते घेतलं, दोन अंगठ्यांनी कडेला दाबलं आणि मला मूठ फिरवायला लावली. मूठ अडली.

"अंग लवतंय," ते मराठीतच म्हणाले. "अंग लवलं की दात एकमेकांवर बसत नाहीत. गिरणीत असलं चाक मी दारात उभं करणार नाही."

दुकानदाराला शब्द कळला नाही, पण अंगठे कळले. त्याने मुकाट्याने मागच्या फळीवरचं एक जाडजूड, राखाडी, सगळं धातूचं रीळ काढलं. मामांनी मूठ धरून आडवी हलवली, खुळखुळ नाही. कानाला लावून फिरवलं, डोळे मिटून. मग दोरी भरून कुत्र्याच्या पट्ट्याला बांधायला लावली आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला बिस्किट ठेवायला सांगितलं. आता तुम्ही विश्वास ठेवू नका, पण तो बैल बिस्किटाच्या वासाने सुटला आणि मामांनी जागेवरून न हलता, मूठ फिरवत, त्याला फरशीवरून उलटा घसरत आपल्या पायाशी आणला. बिस्किट शेवटी दुकानदाराने त्याच्या तोंडात नेऊन दिलं.

"हे," मामा म्हणाले.

रविवारी पहाटे निघालो. गाडीचा हीटर लावून, रीळ मामांच्या मांडीवर. उजाडताना आम्ही खडकावर होतो. थंडी अशी की श्वास सोडला तर तो खाली पडेल. भरती सुरू झालेली, आणि मागे किनाऱ्याकडे जाणारा खडकाळ पट्टा पाण्याखाली जायला फार तर पाऊण तास.

पंधरा मिनिटं नकली मासा फेकत होतो आणि ओढत होतो. मूठ जरा जड वाटली. अर्ध्या तासाने फारच जड. बोटं गारठली असतील, मी स्वतःला समजावलं. मागच्या पट्ट्यावर पहिली लाट चढून उतरली.

"आता निघू या का?" मी विचारलं. मनात आशाच होती.

"अजून एकदा," मामा म्हणाले.

त्या एकदाला तो लागला. रॉड वाकला, दोरी तुणतुण्यासारखी वाजली. रिळाचा ब्रेक मी आधीच पिळून घट्ट आवळला होता, कारण एक हात दोरी सोडली तरी संपलं. मासा केल्पच्या काळ्या कडेपासून तीन हातांवर होता. मी मूठ फिरवायला गेलो आणि मूठ फिरेना. दात ओठांत रोवून जोर लावला. जागची हलली नाही.

"ओढा!" मामा ओरडले.

"फिरत नाहीये!"

मी मागे सरकलो. एक पाऊल, दोन. मासा तेवढाच पुढे आला. तिसऱ्या पावलाला टाचेखाली खडक संपला. आता मी पुढे जाऊ शकत नव्हतो, मागेही नाही, आणि तो तिकडे शेपूट आपटत कडेकडे निघाला. घोट्यांपर्यंत पाणी आलं. रीळ नाकाशी होतं, आणि मला वास आला. खोबरेल तेल.

"मामा, ह्यात तेल कुणी घातलं?"

ते पांढरेफटक पडले. "मीच. काल संध्याकाळी. ते कंपनीचं ग्रीस चिखलासारखं होतं, सगळं पुसून काढलं. अहो, चाळीस वर्षं खाऱ्या हवेत लोखंड मी ह्याच तेलावर जगवलंय!"

अलिबागला जगवलं असेल. इंग्लंडात ते तेल रेडिएटरशेजारून उठलं की मेण होतं. आमच्या गरम घरात मामांना ते पाण्यासारखं वाहताना दिसलं असणार.

"चहा!" मी किंचाळलो. "थर्मास ओता!"

त्यांनी झाकण दातांनी उघडलं. निम्मा चहा रिळावर, निम्मा माझ्या हातावर. हात सोडावासा वाटला, सोडला नाही. मूठ करकरली, अडली, पुन्हा करकरली आणि एकदम सुटली. मी फिरवत सुटलो. दोरीला केल्पचं पान लागल्याचं बोटांना कळत होतं, मग दुसरं, मग पानासकट मासाच पाण्याबाहेर आला. मामांनी त्याला कल्ल्यात बोटं घालून छातीशी धरला.

"मिळाला!" मी नाचत ओरडलो. "मामा, मिळाला! आयुष्यातला पहिला!"

मग मी काय बोललो ते माझ्या कानांनी ऐकलं.

मामांनी माशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चला, पाणी चढतंय," एवढंच म्हणाले. गुडघाभर पाण्यातून आम्ही किनारा गाठला. गाडीत तीन तास एक शब्द नाही. चौदा पौंडांच्या माशाने ओढलं नव्हतं तितकं त्या गप्प बसण्याने मला ओढलं. गिरणीवर जमलेला सगळा गाव मला विंडस्क्रीनमध्ये दिसत होता, हसताना.

संध्याकाळी बायकोने मासा तळला. मामांनी शेवटच्या काट्यापर्यंत खाल्ला, हात धुतले आणि गावाकडे निळं हवाई पत्र लिहायला घेतलं. त्यांच्या आधी घरी पोचणार नव्हतं, तरी लिहायला घेतलं. मी पाण्याचा तांब्या ठेवायच्या निमित्ताने मागे उभा राहिलो. लिहिलं होतं, "जावयांनी आज अडीच पौंडांचा मासा माझ्या डोळ्यांदेखत काढला. आधीचे मी पाहिलेले नाहीत."

"मामा," मी म्हणालो, "ते शेवटचं वाक्य..."

"खोटं आहे?"

"नाही. पण गिरणीवर वाचतील."

"वाचतीलच." त्यांनी पेन थांबवलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "गिरणीवर मला मिस्तरी म्हणतात, जावईबापू. तेलाचं तुम्ही कुणाला लिहिणार?"

"कुठलं तेल?"

"मग कुठले आधीचे मासे?" असं म्हणून त्यांनी ते वाक्य खोडलं, एकदा नाही, कागद फाटेपर्यंत.