चढाला लावलेली काडी

मुठीतली माती हळूच सोडायची, ती कुणीकडे उडते ते बघायचं आणि म्हणायचं, "वारा निजलाय तवर उरकू." आमच्या पेठकडच्या वनकार्यालयातल्या वनमजूर बाबांची ही सकाळची पूजाच म्हणा ना.

माघात सागाची पानं साचली की जंगलातला एक पट्टा आपणच जाळायचा. चैत्रात वणवा आला तर तिथे त्याला खायला काही उरत नाही. याला जाळरेषा म्हणतात. मी तिथला कारकून. जाळरेषा मला फायलीतच ठाऊक.

बाबा वरून खाली जाळत येत. दवातली घोट्याएवढी ज्योत, कुरकुरत उतरणारी. "आगीला चढ दिला का ती पळती, भाऊसाहेब. उतार दिला का म्हातारीवानी चालती."

एकदा माणसं कमी पडली म्हणून मीही गेलो, नवे बूट घालून. बाबा वर खराट्याने पानं झाडत होते. मला त्यांनी खाली उभं केलं. "तुमी फकस्त बघा."

आता सरकारी माणूस नुसतं किती वेळ बघणार? तेवढंच काम हलकं होईल म्हणून मी खालच्या पानांना काडी लावली.

आग चढाला सुटली. वर बाबांचं गवताने शाकारलेलं घर, शेजारी चाऱ्याची गंजी. मी वाकून नव्या बुटांनी ती विझवू पाहत होतो.

बाबांनी शिवी दिली नाही. झाडलेल्या पट्ट्याच्या खालच्या कडेने पळत त्यांनी स्वतःची आग लावली. त्यांची हळूहळू उतरत होती, माझी धावत येत होती. दोघी भेटल्या, क्षणभर माझ्या डोक्याएवढ्या उंच झाल्या आणि पुढे पानच नाही म्हणून बसल्या.

काळ्या राखेतून बाबा खाली आले. माझ्याकडे निरखून म्हणाले, "एक भुवई ऱ्हायली हाय. चला, चहा घेऊ. घरी काय बोलू नका, ती घाबरंल."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. जाळरेषा आता तरुण पोरं यंत्राने झाडतात, नीट जाळतात. मला कोणी नेत नाही, हेही योग्यच.

त्या सकाळी मात्र मी बाबांच्या ओट्यावर बसलो होतो. बाबांच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, चहा देत विचारलं, "आज लय लवकर उरकलं?"

बशीत फुंकर घालत बाबा म्हणाले, "भाऊसाहेब व्हते ना मदतीला."