येणार म्हणाले

श्रीधरराव खळदकर उद्योग खात्याच्या पुण्यातल्या एका कचेरीत एकतीस वर्षं नोकरीला होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातच्या एकाही टिपणात कुणाला चूक काढता आली नाही, असं इतर सांगत. ते स्वतः फारसं काहीच सांगत नसत. शनिवार पेठेत दोन खोल्या, बायको जाऊन सहा वर्षं झालेली आणि नीरजा नावाची एकुलती एक मुलगी, एवढाच त्यांचा संसार.

बैठकीत जे बोललं गेलं तेवढंच कागदावर आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पाहुणा "कल्पना चांगली आहे" म्हणाला, तर इतर कारकून "पाहुणे प्रभावित झाले" असं ठोकून द्यायचे. श्रीधररावांच्या टिपणात "कल्पना चांगली असल्याचे मत व्यक्त केले" यापलीकडे एक अक्षर यायचं नाही. त्यांचे साहेब वैतागून म्हणायचे, "खळदकर, जरा उत्साह दाखवा की लिहिताना!" त्यावर ते चष्मा पुसत म्हणायचे, "नमुन्यात उत्साहाचा रकाना नाही, साहेब."

अशा माणसाने आयुष्यात एकदाच एक शब्द बदलला. तोही कचेरीत नाही, घरी.

ती गोष्ट नव्व्याण्णव सालची. तोवर दिवस पार उलटे झाले होते. पूर्वी परवान्यासाठी मोठमोठे कारखानदार याच कचेरीच्या बाकावर तासन्‌तास बसायचे आणि शिपाईसुद्धा त्यांच्याकडे ढुंकून बघायचा नाही. आता साहेबच गुच्छ घेऊन विमानतळावर उभे राहायला लागले होते. एका अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीला भारतातलं मुख्यालय काढायचं होतं आणि यादीत तीन शहरं उरली होती: बंगलोर, हैदराबाद आणि पुणे. रोज नवी अफवा यायची. बंगलोरवाल्यांनी म्हणे पाहुण्यांना हेलिकॉप्टरने फिरवलं. हैदराबादवाल्यांनी म्हणे जमिनीचा नकाशा रेशमी कापडात गुंडाळून दिला. ते ऐकून साहेब हवालदिल व्हायचे. पुण्याकडे रेशमी कापड नव्हतं, हेलिकॉप्टर तर त्याहून नव्हतं.

कचेरीला नवल वाटलं ते श्रीधररावांचं. जो माणूस सहाच्या ठोक्याला खुर्ची सरकवायचा, तो आठ-आठ वाजेपर्यंत बसायला लागला. पाण्याचे, विजेचे, कॉलेजांचे आकडे त्याने स्वतः फिरून गोळा केले. लोकांना वाटलं, खळदकरांना उतारवयात पुण्याचा अभिमान चढला. तसलं काही नव्हतं. पुणं स्वतःचा अभिमान बाळगायला समर्थ आहे, त्याला खळदकरांची मदत लागत नाही.

खरं कारण नीरजाच्या टेबलाच्या खणात होतं. ती त्याच वर्षी कॉम्प्युटर इंजिनियर झाली होती आणि बंगलोरच्या एका कंपनीने तिला नोकरीचं पत्र दिलं होतं. वीस तारखेच्या आत होकार कळवायचा होता. मुलगी हुशार, नोकरी उत्तम, नाही म्हणायला कारणच नव्हतं. "जायचं ना बाबा?" असं तिने विचारलं तेव्हा "तुझं तू ठरव" एवढंच ते म्हणाले. आतून मात्र त्यांचं धाबं दणाणलं होतं. ती गेली तर संध्याकाळी घरी जाऊन बोलायचं कुणाशी, हा प्रश्न त्यांना कचेरीत, रस्त्यात, जेवताना सारखा पडायचा. अमेरिकन कंपनी पुण्यात आली, तर दीड हजार माणसं लागणार होती. त्यातली एक नीरजा का नसावी?

चौदा तारखेला पाहुणे आले. तीन गोरे आणि एक आपला, श्यामसुंदर उमाटे नावाचा. मूळचा वर्ध्याचा, वीस वर्षं अमेरिकेत, आणि निर्णयात त्याचा शब्द मोठा. विमानतळावरून जागेवर पोचायला किती वेळ लागेल, असं त्याने गाडीत विचारलं.

"वेळेवर निघालात तर पाऊण तास," श्रीधरराव म्हणाले. "मिरवणूक लागली तर सांगता येत नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं. उमाटे मात्र खो-खो हसला.

जागा शहराबाहेर होती, एका गावाचा उघडा माळ. बांधावर बायडाबाई नावाची एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. सूटबूट घातलेली माणसं वाकून वाकून जमीन बघतायत हे पाहून तिने हाक दिली, "काय वं पाव्हणं, पोरगी बघाया आलाय जनू?"

"पोरगी नाही जी मावशी, जागा बघतो आहोत," उमाटे म्हणाला.

"मग नीट बघा. पानी हाय, वारा हाय. मागनं नावं ठिवू नगा."

उमाट्याला ते फार आवडलं. त्याने गोऱ्यांना ते इंग्रजीत समजावून सांगितलं, तेही हसले. निघताना त्याने श्रीधररावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "बरं वाटलं जी, खळदकर साहेब. येतो मग."

आता, "येतो" म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको. निघताना आपल्यात कुणी "जातो" म्हणत नाही, ते अशुभ. मीठ घेऊन दुकानातून निघणाराही "येतो" म्हणतो आणि दुकानदार काही त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसत नाही. श्रीधररावांना हे कळत नव्हतं थोडंच? दुसऱ्या दिवशी त्यांनी टिपण लिहिलं, त्यात स्वच्छ शब्दांत नोंदवलं: "पाहुण्यांनी जागा पाहिली. कोणतेही आश्वासन दिले नाही."

पण ते दुसऱ्या दिवशी. चौदा तारखेला ते घरी आले तेव्हा नीरजा कुकर लावत होती. तिने विचारलं, "काय झालं बाबा? काय म्हणाले ते लोक?"

"येणार म्हणाले," श्रीधरराव म्हणाले.

तिने वळून पाहिलं. बापाने आयुष्यात कधी शब्द इकडचा तिकडे केलेला तिने पाहिला नव्हता. "नक्की?"

"उमाटे स्वतः म्हणाले. हात हातात घेऊन."

वीस तारीख आली आणि गेली. नीरजाने बंगलोरला नकार कळवला. बुधवार पेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये ती तात्पुरती शिकवायला लागली. ज्यांना माउस कुठल्या हातात धरायचा हे ठाऊक नाही, अशा पोरांना शिकवून रोज घसा बसवून घरी यायची. बरोबरच्या मैत्रिणींची बंगलोरहून पत्रं यायची, ती वाचून खणात टाकायची. दर पंधरा दिवसांनी विचारायची, "बाबा, काही कळलं?" ते म्हणायचे, "फाइल वर गेली आहे." संध्याकाळी दोघं एकत्र जेवायची, बातम्या बघायची, आणि श्रीधररावांना सुख टोचायचं.

अकरा महिन्यांनी पेपरात आलं. मुख्यालय हैदराबादला. नीरजाने बातमी पूर्ण वाचली, पेपराची घडी घातली आणि म्हणाली, "जाऊ द्या बाबा. तुम्ही एवढं राबलात, तुमचा काय दोष?"

शिव्या दिल्या असत्या तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

त्याच कंपनीने मग हैदराबादसाठी जाहिरात दिली. नीरजाने अर्ज केला, मुलाखत दिली, नोकरी मिळाली. सोमवारच्या गाडीचं तिकीट काढून झालं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दोघं नेहमीप्रमाणे मंडईत गेली. गर्दी होती. नीरजा एका भेंडीवालीसमोर वाकून शेंडे मोडून बघत होती आणि श्रीधरराव पिशवी धरून उभे होते. तिथेच, कसलीही प्रस्तावना न करता ते म्हणाले, "नीरजा, ते उमाटे 'येणार' म्हणाले नव्हते."

"म्हणजे?"

"'येतो मग' म्हणाले होते. निघताना. आपण म्हणतो तसं." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मला तेव्हाच कळलं होतं. टिपणातही मी खरं तेच लिहिलं. घरी खोटं बोललो. तुझं एक वर्ष मी खाल्लं."

नीरजा सरळ उभी राहिली. हातातली भेंडी तिने ढिगावर टाकली. मागून कुणीतरी "ओ, सरका की जरा" म्हणालं, पण ती हलली नाही. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"एक वर्ष मी त्या क्लासमध्ये घसा फोडत होते, बाबा. कंपनी येणार म्हणून."

"हो."

"त्याची काय गरज होती?" तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती. "नुसतं 'राहा' म्हणाला असतात, तर मी राहिले असते. तुमच्यासाठी राहिले असते. ते एवढं जड होतं?"

तीन देशांच्या कंपन्यांना पुण्यात या, राहा म्हणून श्रीधररावांनी कचेरीतून पत्रं लिहिली होती. घरच्या माणसाला ते म्हणता येतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आता म्हणताय का?" नीरजाने विचारलं. "तिकीट रद्द करता येतं."

ती चेष्टा करत नव्हती, हे त्यांना दिसत होतं. एक शब्द, की ती थांबली असती. तो शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, त्या वर्षभरात बसलेल्या आवाजाकडे लक्ष गेलं, आणि ते म्हणाले, "नाही. तू जा."

भेंडीवाली दोघांकडे आळीपाळीने बघून कंटाळली होती. तराजू उचलून तिने विचारलं, "अर्धा किलो ना काका, दर रविवारसारखी?"

"पाव किलोच द्या," श्रीधरराव म्हणाले आणि त्यांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.