मी न दिलेली परवानगी

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. मी सोलापुरात सुताचा व्यापार करतो. ओढून पाहिल्याशिवाय धागासुद्धा पक्का मानत नाही. मंद्रूपच्या बाजारात डोक्यावर गाठोडं घेऊन सुरुवात केली, आज मंगळवार पेठेत स्वतःचं दुकान आहे. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की पुढचं वाचून कुणी मला खुळा समजू नये.

दत्तू माझा एकुलता मुलगा. दुकान त्याच्यासाठीच उभं केलं... आणि तो अक्कलकोट रस्त्यावरच्या मळ्यात उतरलेल्या एका वृद्ध बौद्ध भिक्षूंच्या नादी लागला. भिक्षू मूळचे आपल्याकडचेच, सिलोनात दीक्षा घेतलेले. दत्तूला श्रामणेर व्हायचं होतं – भिक्षू होण्याची पहिली पायरी. पण त्यांच्यात नियम असा, की आईबापांनी परवानगी दिल्याशिवाय मुलाला चीवर, म्हणजे भिक्षूचं वस्त्र, द्यायचं नाही. आईने दिली. राहिलो मी.

भिक्षू स्वतः दुकानात आले.

"लग्न होऊ दे, नातू होऊ दे, मग न्या," मी म्हणालो.

"मी न्यायला नाही, विचारायला आलोय."

"बरं, नातू राहिला. निदान पाच वर्षं दुकान बघू दे."

ते हसले. "शेटजी, यात अधलंमधलं नसतं. हो किंवा नाही."

माझं डोकं फिरलं. "मग नाही! वाढवलं कुणी त्याला?"

"तुम्हीच. म्हणून तर विचारतोय. पौर्णिमेला सकाळी मळ्यात तुमची वाट पाहीन. आला नाहीत तर एकटाच पुढे जाईन."

म्हटलं, जा. गिऱ्हाईक उठून निघालं की आपण गादीवरून हलायचं नाही, ही माझी रीत. पौर्णिमेला मी मुद्दाम नरसय्या विणकराला घेऊन बसलो. सुताचा गठ्ठा दाखवताना त्याच्या लोखंडी पट्टीत अडकून माझ्या कोटाची बाही कोपराशी टरकन फाटली, तरी उठलो नाही. शेवटी नरसय्याच कंटाळला.

"सावकार, मी तुमचा भाव मान्य केलं की! आता कशाला भांडता?"

जेवायला घरी आलो, तर दारात दत्तू उभा. डोकं तुळतुळीत, अंगावर चीवर, हातात पात्र. पहिली भिक्षा मागायला स्वतःच्याच घरी आला होता. मागे ते वृद्ध भिक्षू.

मी तोंड उघडणार, तोच बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "लई बरं केलं तुमी आला ते."

"कुठं आलो?"

"कुटं काय? मळ्यात की! दारातच हुबं ऱ्हायला. भन्तेंनी इचारलं, तुमी 'दिली' म्हनला आन् वळून गेला. कसली घासाघीस न्हाय, काय न्हाय. मलाच नवल वाटलं. आन् कोट कुटं फाडला? तितंच बघितलं मी. काडा, शिवून देते."

सकाळी घरातून निघताना तो कोट धड होता.

दत्तूचे डोळे भरलेले. "आबा, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं."

लहानपणापासून त्याने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी आलो नव्हतो, असं तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं, तर त्याने तिथल्या तिथे चीवर उतरवलं असतं. मी ओळखतो त्याला. मुलगा परत मिळाला असता. पण... ती नजर मला सोडवेना. मी भाकरी त्याच्या पात्रात ठेवली आणि वाकलो. श्रामणेराने बापाला नमस्कार करायचा नसतो, बापाने करायचा असतो.

नंतर नरसय्याला खोदून विचारलं. "तुम्ही गादीवरून हलला पण नाही, सावकार," तो म्हणाला.

दत्तू आता सिलोनात आहे. लवकरच त्याची उपसंपदा, म्हणजे पुरी दीक्षा. तिथेही संघासमोर हाच प्रश्न विचारतात – आईबापांची परवानगी आहे ना? तो बिनधास्त 'आहे' म्हणेल. माझ्या भरवशावर.

म्हणून हल्ली दुकान उघडण्याआधी मी एकटाच बसून तो शब्द म्हणून पाहतो. 'दिली' म्हणतो... आणि पाठोपाठ आपोआप येतं – 'पण एकदा घरी येऊन जा.' नुसतं 'दिली' म्हणून थांबणं मला अजून एकदाही जमलेलं नाही.

मग मळ्याच्या दारात उभं राहून, माझ्या आवाजात, ते कोण म्हणालं?