अकराच्या आधी अंघोळ नाही

डॉक्टरांनी मला काम सोडायला सांगितलं तेव्हा मी विचारलं, "किती?"

"किती म्हणजे? सोडायचं."

"निम्मं सोडते."

कुत्र्यामांजरांना अंघोळ घालायची, केस कापायचे, नखं काढायची, हा माझा धंदा. मला आमवात निघाला. मनगटं, बोटं, गुडघे सुजतात आणि सकाळी अंगाचं लाकूड झालेलं असतं. गोळ्यांनी सूज आवरते, पण त्यांच्यामुळे जखमा लवकर चिघळू शकतात, म्हणून ओरखडे आणि चावे टाळा, असं डॉक्टरांचं म्हणणं. बाहेर पेशंटांची रांग होती आणि मी खुर्ची सोडत नव्हते. शेवटी सौदा ठरला. मांजरं त्यांना दिली, कुत्री मी ठेवली. पण ड्रायर आणि मशीनची बॅग घेऊन घरोघरी जिने चढणं बंद. "एका जागी बसून करा, नाहीतर वर्षभरात कात्री धरता येणार नाही." यात एक पायरीसुद्धा कमी करून मिळाली नाही.

एका जागी बसायचं तर जागा हवी. बिबवेवाडीत दोन गाळे पाहिले आणि दोन्ही मालकांशी भांडून परत आले.

आजार कुणाला सांगायचा नाही, हे मात्र माझं पक्कं होतं. जिथे मी काम शिकले त्या दुकानात मी आठ वर्षं होते. फरशी पुसण्यापासून सुरुवात केली. शेवटी शेवटी गिऱ्हाइकं मालकाला नाही, मला फोन करून यायची. आजार कळला तसं मालकाने आधी मला पावत्यांच्या टेबलाशी बसवलं आणि महिन्याभरात घरी. "ताई, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." माझ्या भल्याचा मक्ता याला कुणी दिला होता? तेव्हापासून मी घरोघरी जाऊन काम करत होते. अजूनही तो रस्त्यात दिसला की मी गाडीचा हॉर्न वाजवते. काही कारण नसताना.

मग वाघोलीच्या एका सोसायटीचं कळलं. तिथे कुत्री इतकी की माणसं लिफ्टसाठी थांबतात. त्यांना कायमची एक ग्रूमर हवी होती, आणि पाण्याच्या पंपाशेजारची रिकामी खोली ते त्यासाठी देणार होते. तळमजला, नळ, ओटा, पाणी जायला मोरी. ती खोली मिळाली तर माझं काम टिकणार होतं. नाही मिळाली तर कुत्रीही डॉक्टरांना द्यावी लागणार होती.

सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त सरकारी अधिकारी. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले.

"सकाळी आठ ते बारा, आणि जाताना खोली कोरडी करून द्यायची," काका म्हणाले.

सकाळी आठला माझ्या बोटांनी टूथपेस्टचं झाकण निघत नाही. साडेदहाला ती जरा वळायला लागतात.

"अकरा ते तीन," मी म्हटलं.

"कारण?"

तोंडाला आलं ते बोलले. "अहो काका, कुत्र्याला अकराच्या आधी अंघोळ घालत नाहीत. केसांची मुळं थंड असतात. शांपू आत जात नाही."

काकांनी डायरी काढून ते लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकले.

चार दिवसांनी खोलीचं माप घ्यायला गेले तर लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला: 'सकाळी अकरापूर्वी श्वानांस स्नान घालू नये. (तज्ज्ञांचे मत.)' पार्किंगमध्ये एका बाईंनी मला गाठलं. "तज्ज्ञ म्हणजे तुम्हीच ना? मग लहान मुलांनाही हेच का हो?" मुलांचं मी बघत नाही, म्हटलं. तेवढी लाज उरली होती.

संध्याकाळी काकांचा फोन आला.

"मी तीन पशुवैद्यांना विचारलं. दोघं हसले. तिसऱ्यांनी तुमचा पत्ता विचारला. तुमच्या म्हणण्याला आधार काय?"

"अनुभव."

"उत्तम. मग अनुभवच घेऊ. रविवारी सकाळी आठ वाजता, आमचा लॅब्राडॉर, समितीसमोर. त्याला काही झालं नाही तर वेळ आठची. तुम्हाला जमत नसेल तर दुसरी ग्रूमर पाहतो."

रविवारी पाचला उठून गरम पाण्याच्या बादलीत हात घालून बसले. बोटं ढिम्म. गाडीचा ब्रेक दाबता येईना, म्हणून रिक्षा केली. वाघोली म्हटल्यावर रिक्षावाल्याने परतीचंही भाडं मागितलं आणि मी हो म्हणून गप्प बसले. यावरून माझी अवस्था काय होती ते समजा.

आठला काकांसह समितीचे पाच जण पंपाशेजारच्या खोलीत हजर होते. मी हात जॅकेटच्या खिशात घालून उभी. कुत्र्याचा पत्ता नाही. सव्वाआठ झाले, साडेआठ झाले. काका घड्याळाकडे असे बघत होते, जणू चूक घड्याळाचीच. शेवटी काकू एकट्याच खाली आल्या.

"तो नाही उठत."

"मग उठव की."

"अहो, तेरा वर्षांचा आहे. सांधे धरलेत त्याचे. रोज अकराच्या सुमारालाच उठतो. तुम्ही तेव्हा वाचनालयात वर्तमानपत्रांचा फडशा पाडत असता, तुम्हाला काय माहीत!"

समितीतल्या एका गृहस्थांचा चेहरा उजळला. "म्हणजे ताईंचं बरोबरच आहे की! अकराच्या आधी कुत्र्याचं अंग मोकळंच होत नाही."

"एका कुत्र्यावरून नियम सिद्ध होत नाही," काका म्हणाले. पण डायरी उघडली. "तरी नोंद घ्यायला हरकत नाही."

खोली माझ्या हातात आली होती. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

तेवढ्यात काकू कौतुकाने सांगायला लागल्या. त्याला फोमची गादी आहे, कोचावर चढायला लाकडी उतार करून घेतला आहे, रोज कोमट तेलाने पाय चोळतात. "आम्ही कुणी त्याला घाई करत नाही. म्हटलं, तुझ्या वेळेने ऊठ बाबा. घरचाच आहे ना!"

"हो ना, हो ना," पाचही जण म्हणाले.

माझं डोकं फिरलं.

"वा! कुत्र्याचे सांधे धरले की त्याला गादी, आणि माझे धरले की मी घरी बसायचं? ती केसांची मुळंबिळं काही थंड नसतात हो काका. माझी बोटं थंड असतात!" आणि दोन्ही हात खिशातून काढून त्यांच्या नाकासमोर धरले.

लगेच चार तोंडांतून औषधं बाहेर पडली. एरंडेल घ्या, मेथ्या भिजवा, टोमॅटो सोडा, सकाळचं ऊन घ्या. एकाची मेहुणी नुसतं गव्हांकुराच्या रसावर बरी झाली होती. मी म्हटलं, "त्यांनाच घ्या मग कामाला."

काका तेवढे काही सुचवत नव्हते. "आजाराचं आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की काढतात."

"खोटं बोललं तरी काढतात."

"मग काढा. पण अकरापर्यंत थांबा. आधी काम बघा, मग खुशाल काढा."

काकूंनी चहा दिला. कपाच्या उबेला मी बोटं लावून बसले. अकराला कुत्रा लिफ्टने उतरला, साहेबासारखा. नखं इतकी वाढलेली की फरशीवर वाजत होती. वर्षभर तो मागच्या पायांना कुणाला हात लावू देत नव्हता, काकूंनी बजावलं. मी त्याला ओट्यावर घेतलंच नाही. गुडघे शिव्या देत असताना खाली त्याच्याशेजारी बसले. पाय वर ओढायचा नाही, मुडपायचा नाही. जिथे आहे तिथेच खालून तळहात द्यायचा आणि त्याने स्वतःहून भार टाकेपर्यंत थांबायचं. माझा हात कुणी तसा धरला तर मलाही चालतं. एक पंजा झाला की दोघंही विश्रांती घेत होतो. एकदा तो गुरगुरला, तेव्हा मीही गुरगुरले. चार पायांना तास लागला. मग कोमट पाण्याने अंघोळ. उठताना मला काकूंनी हात दिला, त्याला काकांनी.

"अं," काका म्हणाले. "तुमची परिस्थिती पाहता, सहानुभूतिपूर्वक, वेळ अकराची—"

"सहानुभूतिपूर्वक खोडा."

"मग काय लिहू? इतिवृत्तात कारण लागतं."

"माझी अट म्हणून लिहा. खोली कोरडी ठेवायची, ही तुमची अट. अकराला उघडायची, ही माझी."

"अटी सोसायटी घालते."

"मग सोसायटीने नखंही कापावीत."

वीस मिनिटं आम्ही त्या एका शब्दावर उभे होतो. बाकीचे चार जण जेवायला निघून गेले.

"अहो, लिहून टाका ना," काकू म्हणाल्या, "वरण निवतंय."

काकांनी लिहिलं: 'ग्रूमर यांची अट मान्य.' मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. दाराचं कुलूप जुनं आणि गंजलेलं. किल्ली फिरवायला मला दोन्ही हात लागले, तरी ती अर्ध्यावरच अडली.

"कुलूप बदलून द्या," मी म्हटलं.

काकांनी मिटलेलं पेन पुन्हा उघडलं. "हीसुद्धा अट?"

"लिहा."