गप्पीची पिल्लं

पालमला आमच्या शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई ओठांत टाचण्या धरूनच बोलतात. गप्पी मासळी व्याली, की आईनंच पिल्लं खाऊ नयेत म्हणून त्या चहाच्या गाळणीनं ती काचेच्या पेटीतून टबात घेतात आणि अंड्यातलं पिवळं बोटांनी चुरून घालतात.

परवा डासांच्या तपासणीला आलेल्या माणसानं तो टब ओतायला सांगितला. बाईंनी टाचण्या काढल्या.

"अळ्या खाणारेच मासे हायेत हे. एक तरी अळी दाखवा."

"साचलेलं पाणी हाय, बाई. ऐकलं न्हाई तर लिहावं लागंल."

"लिहा की. बाई पिल्लं ओतत न्हाई म्हणून लिहा."

त्यानं खरंच लिहिलं. बाईंनी कागद ओढून घेतला आणि खाली ठळक अक्षरांत पूर्ण नावानं सही केली.