टँकरचे कुलूप आणि दिलावरभाई

सुरुवातीलाच एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढे जे चांगले लिहिणार आहे त्यावर पक्षपाताचा आरोप येणार नाही. बारामतीहून इंदापूरकडे जाताना अंथुर्ण्याच्या अलीकडे श्री. दिलावरभाई मुलाणी यांचा पेट्रोल पंप आहे. त्या पंपावर हातभर लाल अक्षरांत पाटी आहे : ‘धुम्रपान सक्त मनाई’. यातला ‘धु’ ऱ्हस्व आहे. धूम्र शब्दातला धू दीर्घ असतो, आजच नव्हे तर पाणिनीच्याही आधीपासून असतो. जिथे एका ठिणगीने अनर्थ होईल तिथे उकाराबाबत एवढी बेफिकिरी मला सहन झाली नाही, आणि पंपावर पहिल्यांदा गेलो त्याच दिवशी मी ही बाब कार्यालयाबाहेर खुर्ची टाकून बसलेल्या गृहस्थांच्या कानावर घातली.

त्यांनी पाटीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

“ऱ्हस्व धुरानं आग लागत न्हाय का, पंडितजी?”

“लागते.”

“मग ऱ्हाऊ द्या. लोकास्नी कळतंय तवर बरंच हाय.”

ही आमची पहिली भेट. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी, आणि हळूहळू दोन्ही तालुक्यांसाठी, पंडितजी झालो. मी एका दैनिकाचा बारामतीचा वार्ताहर आहे, संस्कृतात एम. ए. केले ही माझी खासगी चूक होती, ती भाईंनी सार्वजनिक केली. पाटी अजून तशीच आहे.

भाईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात ‘कार्याचा आढावा’ घ्यावा, असे समितीचे मला पत्र आहे. आढावा थोडक्यात असा. भाईंचे वडील हातगाडीवर रॉकेल विकत. भाईंनी इंजिनदुरुस्ती केली, मग वंगणाचे दुकान टाकले, मग पंप. मी एकदा त्यांना सांगितले, की ‘तैल’ म्हणजे तिळापासून निघालेले, तेव्हा डिझेलला तेल म्हणणे शास्त्राला धरून नाही. भाई म्हणाले, “म्हंजी एवढी वरसं आमी काय इकतोय त्ये आमालाच ठावं न्हाय?” मी घाईघाईने पुढे सांगितले, की संस्कृतात तेलाला ‘स्नेह’ असाही शब्द आहे. त्यावर ते आत बघून म्हणाले, “पंडितजींला च्या सांगा रं.” त्या दिवसापासून माझा चहा त्या शब्दाच्या खात्यावर चालू आहे.

परंतु भाई कोण आहेत हे सांगायला मला एकच प्रसंग पुरेसा वाटतो, आणि तो तेलाचा असूनही सुरू झाला संगणकात.

गेल्या गळीत हंगामात एका सकाळी कुणीतरी, कुठल्यातरी देशात बसून, भाईंना माल पुरवणाऱ्या तेल कंपनीच्या संगणकांना कुलूप घातले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. याला सायबरहल्ला म्हणतात. तेलाचा थेंब चोरीला गेला नाही, एक नळ फुटला नाही, तरी सगळे ठप्प झाले. डेपोत कुठल्या टँकरमध्ये किती तेल सोडायचे हे भरणारे यंत्र संगणकाला विचारते. संगणक मुका झाला तेव्हा यंत्र जागच्या जागी थांबले. पंपांची मागणी नोंदवता येईना, बिले निघेनात, रिकामे टँकर डेपोच्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत उभे राहिले.

हल्ल्याच्या थोडे आधी भरून निघालेला एकच टँकर अंथुर्ण्यापर्यंत पोहोचला. चालक नवनाथ, लोणी भापकरचा. टँकर पाहून पंपावर आनंद झाला आणि लगेच मावळला. हल्ली टँकरच्या झडपांना इलेक्ट्रॉनिक कुलूप असते. गाडी पंपावर आली, की कंपनीचा संगणक ठरलेल्या मोबाइलवर एक आकडा धाडतो, त्याला सगळे ओटीपी म्हणतात. तो कुलपाच्या बटणांवर दाबला, की झडप उघडते. संगणकच बंद, तर आकडा धाडणार कोण? आणीबाणीसाठी एक साधी किल्ली डेपोत होती. ती बाहेर काढायची परवानगीही संगणकच देत असे.

तर चित्र असे, की काठोकाठ भरलेला टँकर पंपावर उभा आणि पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतले डिझेल संपत आलेले. शिवारात तोडलेला ऊस पडून वाळत होता, दुधाच्या गाड्या रांगेत होत्या, आणि इंदापूरकडून आलेली रुग्णवाहिकाही तिथेच थांबली होती. कुलूप तोडावे, तर कंपनीचा नियम मोडतो आणि पंपाचा परवाना धोक्यात येतो. न तोडावे, तर उद्यापासून या रस्त्यावर चाक फिरणार नाही. निर्णय भाईंचा होता आणि त्यांच्याभोवती गर्दी होती.

गर्दीत सल्लागार पुष्कळ. त्यांत अग्रभागी बबनतात्या, ज्यांचा ऊस तोडून फडात पडला होता.

“भाई, माझ्याकडं ग्राइंडर हाय. दोन मिंटात कुलूप कापून देतो.”

“तात्या, टँकरच्या पुढच्या खणात पेट्रोल हाय.”

“मग?”

“ग्राइंडरची ठिणगी पडली म्हंजी कुलूप बी उघडंल, अन् तुमच्यासाठी वरचं दार बी उघडंल. उसाचं बिल मग कुणाच्या नावानं काढायचं?”

लोक हसले, तात्याही हसले, आणि ग्राइंडर घरीच राहिला. पण भाईंनी नुसता विनोद करून वेळ मारून नेली नाही. संगणकाने टाकीची पातळी सांगणे थांबवले होते, म्हणून त्यांनी पितळी दांडी टाकीत सोडून डिझेल किती उरले ते पाहिले, आणि गर्दीपुढे उभे राहून मोठ्याने सांगितले. लपवले असते तर अफवा झाली असती. मग क्रम लावला : आधी रुग्णवाहिका, मग दूध, मग भरलेल्या उसाचे ट्रॅक्टर, आणि उरले तर बाकीचे. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांची मोटार ‘बाकीच्यां’त गेली. माझ्या गाडीसाठी मी ‘पत्रकार’ असे जरा ठळकपणे म्हणून पाहिले.

“पंडितजी, दूध नासतंय, ऊस वाळतोय. वार्ताहर दोन दिस टिकतोय,” भाई म्हणाले.

मी टिकलो. बातमी एका दुधाच्या गाडीत किटल्यांच्या शेजारी बसून आणली. कपड्यांना तीन धुण्यांपर्यंत वास होता.

नवनाथचे दुःख वेगळेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचे बारसे होते आणि कुलूपबंद गाडी सोडून जाता येत नव्हते. तो कुणाला काही बोलला नव्हता. भाईंनी त्याला फोनवर कुजबुजताना ऐकले. त्यांनी वाहतूकदाराला फोन लावून रीतसर परवानगी घेतली, नवनाथला दुधाच्या गाडीतून बारामतीकडे धाडले, आणि तो येईपर्यंत स्वतः टँकरशेजारी खुर्ची टाकून बसले. चौऱ्याहत्तरी पार केलेले गृहस्थ, उन्हात. “पोरगी नाव ठेवून घ्यायला थांबती का कुलपासाठी?” एवढेच म्हणाले.

आता या कथेतला माझा भाग. हल्ल्याच्या काही दिवस आधी अंथुर्ण्याच्या महिला बचत गटापुढे ‘मोबाइलवरील फसवणूक’ या विषयावर माझे व्याख्यान झाले होते. मी आवेशाने सांगितले होते, की आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेच्या साहेबाला नाही, कंपनीच्या साहेबाला नाही, प्रत्यक्ष नवऱ्यालाही नाही. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत भाईंच्या सौभाग्यवती मेहरूनचाची बसल्या होत्या, आणि त्या मन लावून ऐकत होत्या, हे मला तेव्हा फार आवडले होते.

हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनीने तात्पुरती सोय उभी केली. जुन्या कागदांतून पंपांचे मोबाइल क्रमांक काढले आणि ओटीपी धाडायला सुरुवात केली. इकडे पंपावर आम्ही सगळे व्यवस्थापकाच्या मोबाइलकडे डोळे लावून बसलेलो. कंपनीकडे मात्र भाईंचा जुना क्रमांक होता, आणि तो क्रमांक आता चाचींच्या मोबाइलमध्ये होता.

दुपारी चाची नवनाथसाठी डबा घेऊन आल्या. तो बारशाहून नुकताच परतला होता आणि सगळ्यांना घुगऱ्या वाटत होता. मला पाहून चाचींचा चेहरा खुलला.

“पत्रकारदादा, तुमी सांगितल्यागत केलं बरं का. सकाळधरनं ओटीपी येत्यात. आला की पुसला, आला की पुसला. एकजण तर फोन करून म्हनतोय, मी कंपनीतनं बोलतोय, नंबर सांगा. म्हनलं, तुझ्या आईला सांग जा नंबर. लाज न्हाय वाटत बायामान्सांला फसवायला?”

घुगऱ्यांचा हात तोंडाशी नेलेले सगळे तसेच थांबले.

व्यवस्थापक कपाळाला हात लावून खाली बसला. बबनतात्या ओरडले, “अवं चाची, त्यो आपल्याच टँकरचा नंबर हुता की!”

“असंल. पन सांगायचा न्हाय म्हंजी न्हाय.”

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. नवा आकडा आला होता. चाचींनी मोबाइल पदराखाली घेतला. सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझ्या व्याख्यानाने अख्ख्या रस्त्याचे डिझेल अडवले होते. मी शास्त्राचा आधार घेतला. सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात, विशेष नियमाला अपवाद. जिथे अपवाद लागू होतो तिथे उत्सर्ग मागे सरतो, वगैरे.

“मंग व्याख्यानात का न्हाय सांगितला ह्यो अपवाद?” चाचींनी विचारले.

मी हातातल्या घुगऱ्या तोंडात टाकल्या.

भाई टँकरजवळून सावकाश उठून आले. मला वाटले, आता नवरेपणाने दरडावतील. निदान मोबाइल मागतील. त्यांनी आधी आपल्या ओळखीच्या विभागीय अधिकाऱ्यांना, आपल्याकडे असलेल्या क्रमांकावर, स्वतः फोन लावला आणि आकडा खरोखरच कंपनीने धाडला आहे ना, याची खात्री करून घेतली. मग चाचींकडे वळून म्हणाले,

“तू बराबर केलंस. कुणाला सांगू नगंस. मलाबी नगं. चल, तूच दाब.”

चाची टँकरकडे चालू लागल्या. नवनाथने कुलूप दाखवले. त्यांनी डाव्या हाताने पदर ओढून बटणे झाकली, आमच्याकडे वळून “तिकडं बघा समदी” असे फर्मावले, आणि आम्ही सगळे, बागायतदार, चालक, व्यवस्थापक आणि एक एम. ए., पाठ फिरवून उसाच्या ट्रॅक्टरांकडे बघत उभे राहिलो. मागे ‘खट्’ असा आवाज झाला. त्या आवाजावर तात्यांनी जी आरोळी ठोकली ती मी इथे छापील मराठीत देऊ शकत नाही.

अधिकाऱ्यांनी नंतर सांगितले, की त्याच गोंधळात कंपनीचे नाव घेऊन काही पंपांना खोटे फोनही गेले होते. तेव्हा चाचींनी शिव्या घातल्या त्या एकंदरीत योग्य दिशेनेच गेल्या. कंपनीच्या नव्या नोंदणीतही तोच जुना क्रमांक राहिला. पुढे व्यवस्थापकाने तो बदलायचा अर्ज भरून आणला, तर भाईंनी तो परत केला. “तिच्याच फोनवर येऊ द्या. पक्कं काम हाय.” आता टँकर आला, की चाचींना घरून बोलावणे जाते. त्या येतात, पदर ओढतात, आम्ही पाठ फिरवतो.

भाईंच्या मोठेपणाविषयी मला जे म्हणायचे आहे ते या प्रसंगात आहे, पण समिती म्हणेल की वार्ताहराने निष्कर्ष लिहिला नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी भाईंकडे घाई करायला हजार कारणे होती. त्यांनी कुलूप तोडले नाही, आणि बायकोने पाळलेला शब्दही मोडायला लावला नाही. दोन्ही सांभाळून तेल खाली आणले. भाईंच्या लेखी यात काही विशेष नाही. मी हे लिहिणार आहे म्हटल्यावर ते म्हणाले, “चाचीचं लिवा. माझं काय, मी खुर्चीत बसलोवतो.”

त्या दोन दिवसांत पंपावर एकही भांडण झाले नाही. क्रम कुठल्या फलकावर लिहिलेला नव्हता, पोलीस बोलवावा लागला नाही. ज्याचा ऊस वाळत होता तो माणूस दुधाच्या गाडीला पुढे जाऊ देत होता, कारण भाईंनी सांगितले होते. हे मी माझ्या बातमीत लिहिले, पण जागेअभावी ते छापून आले नाही.

भाई पंचाहत्तर वर्षांचे झाले. परमेश्वर त्यांना आणि मेहरूनचाचींना उदंड आयुष्य देवो, त्यांचे गुडघे शाबूत राखो, आणि त्यांच्या हातचा चहा आम्हांला अजून बरीच वर्षे मिळो, ही या ग्रंथातल्या सर्वांसोबत माझीही प्रार्थना.

आणि एक गोष्ट, जी भाईंना आवडणार नाही. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या छातीत दुखले होते. त्यांनी ‘गॅस’ सांगितला. डॉक्टरांनी तसे सांगितले नाही. त्यांना उन्हात उभे राहायला मनाई आहे, आणि परवा मी त्यांना भर दुपारी टँकरपाशी उभे पाहिले. कंपनीवर पुन्हा हल्ला होईल, संगणक पुन्हा बंद पडतील आणि पुन्हा सुरूही होतील. ते सांभाळायला पगारी माणसे आहेत. पण त्या दिवशी खुर्चीत भाई नसतील, तर रस्त्यावरचा माणूस कुणाचे ऐकेल, ते मला माहीत नाही. त्याहून खरे सांगायचे, तर मला रस्त्याचीही तेवढी काळजी नाही. भाई, गोळ्या वेळेवर घेत जा. मला काळजी तुमची वाटते.